माळ्यावरची कार्यशाळा

बर्मिंगहॅम शहरालगतच्या हँड्सवर्थ येथील हीथफील्ड या घरात २५ ऑगस्ट १८१९ रोजी जेम्स वॅटचे निधन झाले. त्या वेळी त्याचे वय ८३ वर्षांचे होते. मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर व्हायची ती सारी निरवानिरव यथाक्रम झाली. परंतु स्वयंपाकघरावरचा एक माळा मात्र होता तसाच ठेवून त्याला कुलूप घालण्यात आले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ती खोली जवळजवळ न हलवलेल्या स्थितीत राहिली. मधूनच एखादा चरित्रकार किंवा जिज्ञासू गृहस्थ परवानगी काढून तेथे जाई, धुळीने भरलेल्या फळ्या पाही आणि हलक्या पावलांनी परत फिरे. पुढे घर पाडण्याची वेळ जवळ आली, तेव्हा १९२४ साली लंडनच्या सायन्स म्यूझियमने ती खोली दार, खिडकी आणि जमिनीच्या फळ्या यांसह उचलून आपल्या इमारतीत नेली. आतील वस्तूंची मोजदाद झाली ती ८,४३० भरली.

वॅटचे नाव घेतले की आपल्याकडील शाळकरी मुलालाही किटलीचे थरथरणारे झाकण आठवते. ती कथा गोड आहे, पण वाफेच्या यंत्राच्या इतिहासात तिला फारसे स्थान नाही. वाफेचे यंत्र वॅटच्या जन्मापूर्वीच, १७१२ मध्ये, टॉमस न्यूकोमेन याने इंग्लंडातील खाणींवर उभे केले होते. वॅटच्या आयुष्याला वळण दिले ते किटलीने नव्हे, तर एका बिघडलेल्या प्रतिकृतीने. आणि आयुष्याच्या अखेरीस, कीर्ती व संपत्ती दोन्ही मिळाल्यावर, तो परत वळला तोही अशाच लहान, हातात मावणाऱ्या कामाकडे. हीथफील्डचा माळा ही त्या परतीची जागा होय.

वॅटचा जन्म १७३६ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदराच्या गावी झाला. बाप जहाजांचे सामान करणारा व व्यापारी. त्याच्या कारखान्यात या नाजूक प्रकृतीच्या मुलासाठी एक छोटे टेबल आणि हत्यारांचा एक संच वेगळा ठेवलेला असे. एकोणिसाव्या वर्षी तो लंडनला गेला आणि एका उपकरणकाराच्या हाताखाली वर्षभर राहिला. जे शिकायला इतरांना सात वर्षांची उमेदवारी लागे, ते त्याने एका वर्षात पदरात पाडून घेतले, अर्थात प्रकृतीची भारी किंमत देऊन. १७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात एक खोली दिली आणि तेथे तो तराजू, कंपास, कोनमापक अशी उपकरणे करू लागला व दुरुस्तही करू लागला.

विद्यापीठाकडे न्यूकोमेनच्या यंत्राची एक छोटी प्रतिकृती होती. सिलिंडरचा व्यास केवळ २ इंच, दट्ट्याची धाव ६ इंच. ती वर्गात दाखवण्यासाठी घेतलेली; पण चालेल तर शपथ. लंडनच्या एका नामांकित कारागिराकडे दुरुस्तीला धाडूनही तिचा उपयोग झाला नव्हता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात प्राध्यापक जॉन अँडरसन यांनी ती वॅटच्या हवाली केली. वॅटने सांधे तपासले, झडपा नीट केल्या, आणि यंत्र चालू झाले. परंतु चार-दोन फेरे झाले की बॉयलरमधली वाफ संपे आणि दट्ट्या निमूटपणे थांबे.

दुसरा एखादा कारागीर असता तर त्याने हात झटकून आपले बिल पाठवले असते, आणि त्यात त्याला कोणी दोष दिला नसता. वॅट मात्र विचार करीत बसला. हुबेहूब मोठ्या यंत्राप्रमाणे केलेले हे लहान यंत्र मोठ्या यंत्राप्रमाणे का चालू नये? प्रतिकृती करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी गाठणारा हा प्रश्न आहे. एखादी वस्तू लांबी, रुंदी, उंची या तिन्ही बाजूंनी निम्मी केली, तर तिचा पृष्ठभाग चौथाई होतो. पण आतली जागा अष्टमांशावर येते. म्हणजे लहान सिलिंडरात वाफ थोडी आणि तिला थंड करणारी धातूची भिंत मात्र त्या मानाने पुष्कळ. न्यूकोमेनच्या यंत्रात वाफ सिलिंडरात शिरे, मग तेथेच गार पाण्याचा फवारा सोडून तिचे पाणी केले जाई, पोकळी निर्माण होई आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकली. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर गार होई आणि पुढच्या फेऱ्याची बरीचशी वाफ ते पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. मोठ्या यंत्रातही ही नासाडी चालूच होती. खाणीच्या तोंडाशी कोळसा मुबलक असल्याने ती कोणाला जाचत नव्हती, इतकेच. दोन इंची खेळण्याने ती उघड्यावर आणली. वॅटने मोजून पाहिले तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश वाफ अशी वाया जात असल्याचे त्याला आढळले.

उपाय सुचायला १७६५ चा मे महिना उजाडला. रविवारच्या दुपारी ग्लासगोच्या हिरवळीवरून फिरत असताना त्याच्या ध्यानात आले की, वाफेचे पाणी सिलिंडरातच करण्याचे कारण नाही. सिलिंडर सदैव गरम ठेवावे आणि वाफ निववण्यासाठी वेगळे, सदैव गार असलेले पात्र त्याला जोडावे. लगेच त्याने पावणेदोन इंच व्यासाची व १० इंच लांबीची एक पितळी पिचकारी घेतली, तिचेच सिलिंडर केले आणि पत्र्याचे एक पात्र जोडून प्रयोग मांडला. तो साधला.

येथून पुढची अकरा वर्षे मात्र उलट्या अडचणीची होती. लहान यंत्र चालले, मोठे चालेना. पितळी पिचकारी आतून गुळगुळीत व एकसारखी गोल होती. १८ इंची सिलिंडर तसे करून देणारा माणूस मिळत नव्हता. दट्ट्याच्या कडेने वाफ निसटत राही. १७७४ साली जॉन विल्किन्सन याने तोफा कोरण्याची नवी पद्धत बसवली आणि पुढे तिच्यातूनच सिलिंडर कोरण्याचे यंत्र निघाले. तेव्हा कुठे ही कोंडी फुटली. मॅथ्यू बोल्टनसारखा धीराचा भागीदार मिळाला, एकस्वाची मुदत संसदेने १८०० पर्यंत वाढवून दिली आणि १७७६ मध्ये वॅटची पहिली मोठी यंत्रे कामाला लागली.

पुढचा यशाचा काळ इतिहासकारांनी पुष्कळ वर्णिला आहे, म्हणून तो येथे विस्ताराने सांगण्याची जरुरी नाही. पण हा काळ वॅटच्या सुखाचा होता, असे त्याची पत्रे वाचून वाटत नाही. त्याला डोकेदुखीने छळले होते. कॉर्नवॉलच्या पावसात खाणीखाणींतून हिंडणे, कोळशाच्या बचतीचा तिसरा हिस्सा मागणे आणि तो बुडवू पाहणाऱ्या मालकांशी हुज्जत घालणे, हे त्याचे जीवन झाले होते. सौदा करण्यापेक्षा भरलेल्या तोफेसमोर उभे राहणे परवडले, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले आहेत. एकस्वाच्या रक्षणासाठी त्याने प्रतिस्पर्ध्यांवर दावे लावले आणि ते जिंकलेही. परंतु त्या कडेकोट पहाऱ्यात इतरांच्या कल्पनांची वाढ खुंटली, हा आक्षेप अगदी खोटा म्हणता येणार नाही. त्याचाच कर्तबगार सहकारी विल्यम मर्डॉक याने १७८४ मध्ये वाफेवर पळणारी एक लहानशी गाडी करून दाखवली होती. बोल्टन आणि वॅट या दोघांनीही त्याला त्या नादापासून परावृत्त केले. एका छोट्या प्रतिकृतीने ज्याचे भाग्य उघडले, त्यानेच दुसऱ्याच्या प्रतिकृतीकडे कपाळाला आठ्या घालून पाहावे, यात काळाचा विनोद आहे खरा.

असो. १८०० साली एकस्व संपले, भागीदारीची २५ वर्षे संपली आणि कारखाना दोघांच्याही मुलांच्या हाती गेला. वॅट तेव्हा ६४ वर्षांचा होता. बागबगीचा, प्रवास, जुन्या मित्रांशी पत्रव्यवहार असा प्रतिष्ठित निवृत्ताचा दिनक्रम त्याला सहज पत्करता आला असता, आणि काही अंशी त्याने तो पत्करलाही. पण मनात एक धास्ती होती. आपली बुद्धी मंदावत चालली आहे, स्मरण दगा देत आहे, ही शंका त्याला सतत कुरतडीत असे. त्यातच घरावर मृत्यूची छाया पडली. मुलगी जेसी १७९४ मध्ये क्षयाने गेली होती. १८०४ मध्ये त्याच रोगाने धाकटा मुलगा ग्रेगरी गेला. तो २७ वर्षांचा होता. भूशास्त्राचा अभ्यासक, बोलका, देखणा, बापाचा विशेष लाडका. एकेक जुना मित्रही उठून चालला होता.

या दिवसांत वॅट अधिकाधिक वेळ माळ्यावर घालवू लागला. अरुंद जिन्याने वर जावे लागे. छत ठेंगणे, खिडकी एकच. उन्हाळ्यात उकाडा आणि हिवाळ्यात कडाक्याची थंडी. खिडकीशी पायाने चालवण्याचा लेथ होता. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डबे, बाटल्या, कानशी, पटाश्या, रसायने. खोलीत एक शेगडी होती आणि तिच्याबरोबर एक तवाही, कारण काम रंगात आले की वॅट जेवायला खाली उतरत नसे. तेथेच काहीतरी भाजून खाई. त्याची दुसरी पत्नी अ‍ॅन मोठी टापटिपीची बाई होती. काळे हात आणि मळका चामड्याचा एप्रन तिला दिवाणखान्यात खपत नसे, असे चरित्रकार सांगतात. तिच्यावर त्यांनी जरा अन्यायच केला आहे असे वाटते. घरभर प्लॅस्टरची पांढरी धूळ पसरू नये असे कोणत्या गृहिणीला वाटणार नाही?

ही पांढरी धूळ ज्या कामाची होती, तेच वॅटच्या अखेरच्या पंधरा वर्षांचे खरे काम. १८०२ साली तो पॅरिसला गेला असता, पदकांच्या नकला कोरणारे एक यंत्र त्याच्या पाहण्यात आले. ते उठावाचे काम करी. वॅटच्या मनात आले की, अशाच तऱ्हेने चहूबाजूंनी घडवलेल्या मूर्तीची नक्कल का करता येऊ नये? त्याने दोन यंत्रे उभारली: एक मूळ मूर्तीएवढीच प्रत काढणारे, दुसरे लहान प्रत काढणारे. तत्त्व सोपे आहे. एका चौकटीला एका बाजूस बोथट टोकाची सळई आणि दुसऱ्या बाजूस गरगर फिरणारे कोरणे बसवलेले. सळई मूळ मूर्तीच्या नाकाडोळ्यांवरून फिरवीत न्यावी, तसतसे कोरणे समोरच्या दगडावर तोच चढउतार कोरीत जाते. तत्त्व सोपे, पण चौकटीचा एक सांधा केसभर ढिला राहिला तरी सॉक्रेटिसचे नाक वाकडे व्हायचे. प्लॅस्टर, अलाबास्टर, संगमरवर, हस्तिदंत अशा नाना पदार्थांवर तो प्रयोग करीत राहिला. सांधे घट्ट केले, कोरण्यांचे आकार बदलले, एका फेऱ्यात किती खोल जावे याचे आडाखे बांधले. पन्नास वर्षांपूर्वी पितळी पिचकारीशी झटणारा उपकरणकार येथे पुन्हा ओळखू येतो. मध्यंतरीच्या कोर्टकचेऱ्या आणि हिशेब यांची सावलीही त्या माळ्यावर पोचत नव्हती.

तयार झालेल्या छोट्या मूर्ती तो मित्रांना भेट म्हणून पाठवी. ब्याऐंशी वर्षांच्या या गृहस्थाने आपली ओळख त्या वेळी एक होतकरू तरुण कलावंत अशी करून दिली होती! छंदाचा घोडा नसेल तर जगण्यात काय उरले, अशा आशयाचे वाक्यही त्याच्या पत्रात सापडते. बुद्धी मंदावल्याची तक्रार त्याने सोडली नाही. पण ज्या हातांनी आणि ज्या डोक्याने ही यंत्रे रचली, त्यांत मंदपणाची खूण शोधूनही सापडत नाही. या यंत्रांचे एकस्व घेण्याचा विचार त्याच्या मनात होता. ते राहून गेले. त्याच्यामागे काही वर्षांनी बेंजामिन चेव्हर्टन याने तशाच प्रकारचे स्वतःचे यंत्र बांधले आणि त्यावर केलेल्या हस्तिदंती मूर्ती इंग्लंडात भराभर विकल्या.

सायन्स म्यूझियमने २०११ मध्ये ही खोली नव्याने मांडली. त्या निमित्ताने वस्तूंची बारकाईने तपासणी झाली आणि गमतीच्या गोष्टी उजेडात आल्या. प्लॅस्टरच्या साच्यांमध्ये एक साचा खुद्द वॅटच्याच अर्धपुतळ्याचा निघाला. पॅरिसच्या एका नामांकित बासरीकाराच्या नावाशी जुळणारा एक ठसाही वस्तूंत होता; ग्लासगोच्या ओढगस्तीच्या दिवसांत तरुण वॅटने स्वतः केलेल्या बासऱ्यांवर तो उठवला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. गुळगुळीत चरित्रे लिहिणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ग्लासगोच्या खोलीतील हत्यारे आणि सुटे भाग वॅटने आयुष्यभर जपले होते आणि बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलीत शेवटी या माळ्यावर आणून ठेवले होते. लाखमोलाची यंत्रे विकणाऱ्या माणसाला त्यांचा काय उपयोग होता?

ग्लासगोची ती दोन इंची प्रतिकृती आजही त्या विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात जपलेली आहे. आणि माळ्यावरून आलेल्या वस्तूंमध्ये, हत्यारे, साचे व अर्धवट कोरलेले चेहरे यांच्या गर्दीत, एक जुनी पेटी आहे. यंत्राशी तिचा काही संबंध नाही. वॅटने ती कामाच्या जागी नजरेसमोर राहील अशी ठेवली होती. तिच्यात ग्रेगरीची शाळेतली पुस्तके आणि वह्या होत्या.