रखमाबाईंची कैफियत

नाशिकच्या न्यायालयांतून निघालेलें समन्स बेलीफ दारांत आणून देतो, तेव्हां घरांतील बोलणें क्षणभर थांबतें. पति-पत्नीच्या संबंधाचा निकाल कागदावर लागावा, ही कल्पनाच मनाला जड वाटते. या भागांतील अनेक शेतकरी व कारागीर जातींत पूर्वीं असा प्रश्न पंचांपुढें येई. काडीमोड झाली किंवा सोडचिठ्ठी दिली कीं तो मिटे. इंग्रजी अमदानींत दिवाणी न्यायालयें आलीं आणि कागदाला कागदानेंच उत्तर देण्याची रीत पडली. जो प्रतिवादी गप्प राहील त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूम होणार, हें त्या रीतीचें मुख्य सूत्र. असें उत्तर निर्भयपणें कसें द्यावें, याचा धडा साऱ्या मुंबई इलाख्याला घालून दिला तो विशीच्या उंबरठ्यावरील एका स्त्रीनें.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई यांनीं पुढें मुंबईचे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षीं रखमाबाईंचें लग्न दादाजी भिकाजी यांच्याशीं लागलें. परंतु त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत, आईच्या घरींच राहून त्यांनीं विद्याभ्यास चालविला. १८८४ सालीं दादाजींनीं प्रथम वकिलामार्फत मागणी केली व नंतर हायकोर्टांत दावा लावला. मागणी एकच: पत्नीनें येऊन नांदावें.

त्या काळीं हिंदु पत्नीला घटस्फोटाचा दावा आणण्याची कायद्यांत सोय नव्हती. पतीच्या दाव्याला उत्तर देणें एवढीच वाट तिला मोकळी होती. ती वाट रखमाबाईंनीं घेतली. पतीची सांपत्तिक स्थिति, त्याची ढासळलेली प्रकृति आणि ज्याच्या आश्रयाला तो राहतो त्या नातलगाचें वर्तन, अशीं कारणें त्यांनीं कैफियतींत मांडलीं. न कळत्या वयांत, संमतीवांचून लागलेल्या लग्नाचें बंधन कितपत मानावें, हा प्रश्न त्यांतून उभा राहिला. १८८५ सालीं "एक हिंदु स्त्री" या नांवानें "टाइम्स ऑफ इंडिया" पत्रांत त्यांनीं बालविवाहावर पत्रेंहि लिहिलीं.

न्यायमूर्ति पिन्ही यांनीं २१ सप्टेंबर १८८५ रोजीं दावा फेटाळला. ज्या स्त्रीनें पतीबरोबर संसारच केला नाहीं, तिला बळानें त्याच्या घरीं पाठविण्यास हिंदु धर्मशास्त्रांत आधार नाहीं. असले दावे इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून येथें आले आहेत, असें त्यांचें मत पडलें. आणि त्याच इंग्लंडांत अशा हुकुमासाठीं तुरुंगांत टाकण्याची तरतूद १८८४ सालींच रद्द झाली होती! तरीहि "मराठा" पत्रानें या निकालावर कडक टीका केली. १८८६ सालीं अपिलांत निकाल फिरला, आणि ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम दिला: एक महिन्यांत पतीकडे जावें, नाहीं तर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली.

१८८८ सालीं तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनीं हुकुमाची अंमलबजावणी सोडून दिली. न्यायालयानें मोकळें केलें नाहीं. पैसे मोजून मोकळीक मिळाली. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ स्त्रियांची शुश्रूषा केली. १९५५ सालीं त्यांचें निधन झालें.

दिवाणी तुरुंगाची ही शिक्षा १९२३ सालीं कायद्यांतून गेली. १९४७ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानें नाशिकच्या हिंदु स्त्रीलाहि न्यायालयांतून घटस्फोट मागण्याचा मार्ग खुला झाला. नांदावयास येण्याचा दावा मात्र १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत कलम ९ म्हणून राहिला. त्याचा हुकूम होऊन वर्षभर सहजीवन सुरू न झाल्यास दोघांपैकीं कोणासहि घटस्फोट मागतां येतो. लेखी कैफियतीस साधारण तीस दिवसांची मुदत असते, आणि स्त्रीला सरकारी खर्चानें वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानें दिला आहे.

यांतील एकहि सोय रखमाबाईंना नव्हती. त्यांच्या हातीं होतें तें स्वतःचें उत्तर, आणि तें त्यांनीं मुदतींत, कारणांसह व न डगमगतां दिलें.