तेंडुलकर, प्रिया

तेंडुलकर, प्रिया : (१९ ऑक्टोबर १९५४ – १९ सप्टेंबर २००२). दूरचित्रवाणी, चित्रपट व रंगभूमी या क्षेत्रांतील अभिनेत्री, चर्चात्मक कार्यक्रमांच्या सूत्रसंचालक आणि मराठी कथालेखिका. नाटककार विजय तेंडुलकर यांच्या त्या कन्या. दूरदर्शनवरील रजनी (१९८५) या हिंदी मालिकेतील शीर्षक-भूमिकेमुळे त्यांचे नाव देशभर झाले आणि भारतीय दूरचित्रवाणीची पहिली तारका असा त्यांचा उल्लेख पुढे रूढ झाला. आदल्याच वर्षी सुरू झालेल्या हम लोग या मालिकेतील नटवर्गाला घरोघर लाभलेली ओळख ध्यानात घेता हे पहिलेपण काटेकोरपणे सिद्ध करणे कठीण आहे. तथापि एका संपूर्ण मालिकेचा भार एकट्या स्त्री-व्यक्तिरेखेने पेलावा आणि त्या व्यक्तिरेखेचे नाव बोलीभाषेत सामान्यनामासारखे वापरले जावे, हा प्रकार तोवर झालेला नव्हता.

त्यांची जडणघडण ज्या घरात झाली, त्या घराचा उंबरठा मराठी नाटकाच्या वादविवादांनी झिजलेला होता. वडिलांचे शांतता! कोर्ट चालू आहे हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा त्या शाळकरी वयाच्या होत्या; त्यांच्याच सखाराम बाइंडर आणि घाशीराम कोतवाल या नाटकांनी १९७२ मध्ये जे काहूर उठविले, त्या वेळी त्यांनी नुकतीच अठराव्या वर्षाची मजल गाठली होती. गिरीश कार्नाड यांच्या हयवदन या नाटकात दोन बाहुल्यांपैकी एक त्यांनी आणि दुसरी कल्पना लाजमी यांनी केली. या कामाचे साल काही ठिकाणी १९६९ असे दिलेले आढळते. परंतु मूळ कन्नड नाटकच १९७१ चे असल्याने ते ग्राह्य मानता येत नाही. जत्रेतून मुलासाठी आणलेल्या या बाहुल्या घरधन्याचे हात मऊ पडत चालल्याचे आपसांत बोलतात, गृहिणीच्या स्वप्नांत कोण येतो तेही पाहतात, आणि अखेरीस घराबाहेर टाकल्या जातात. भूमिका छोटी खरी, पण नाटकाच्या उत्तरार्धातील गुपित प्रेक्षकाला कळते ते त्यांच्याच मुखातून.

याच सुमारास आणि नंतरही पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका, विमानात हवाई सुंदरी, जाहिरातींसाठी मॉडेल, वृत्तनिवेदिका अशा नोकऱ्या त्यांनी केल्या.

चित्रपट : श्याम बेनेगल यांचा अंकुर (१९७४) हा त्यांचा पहिला चित्रपट. जमीनदाराचा मुलगा सूर्या (अनंत नाग) याची बालपणी लग्न झालेली आणि वयात आल्यावर नांदावयास आलेली पत्नी सरू ही भूमिका त्यांच्याकडे होती. लक्ष्मीच्या भूमिकेतील शबाना आझमी यांच्याविषयी या चित्रपटाच्या निमित्ताने इतके लिहिले गेले आहे की सरूकडे समीक्षकांचे लक्ष सहसा गेलेले नाही. वस्तुतः नवऱ्याचा कमकुवतपणा शब्दावाचून ओळखणारी, आणि लक्ष्मीचा घरातील वावर खपत नसल्याचे केवळ पाहण्याच्या पद्धतीने दर्शविणारी ही पोरसवदा गृहिणी जातीची व मालकीहक्काची वहिवाट जितकी उघडी करते, तितकी पुरुषपात्रेही करीत नाहीत. शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेल्या मिंचिन ओट (१९८०) या कन्नड चित्रपटातही त्यांनी काम केले. गोंधळात गोंधळ, थोरली जाऊ, देवता हे त्यांचे काही मराठी चित्रपट. उत्तरकाळात त्रिमूर्ती (१९९५) व गुप्त (१९९७) या हिंदी चित्रपटांतून त्या दुय्यम भूमिकांत दिसल्या.

रजनी : दिग्दर्शक बासू चटर्जी हे चित्रपटांत येण्यापूर्वी ब्लिट्झ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते, ही गोष्ट या मालिकेच्या रचनेचा विचार करताना विसरून चालत नाही. एक भाग, एक गाऱ्हाणे, त्या गाऱ्हाण्याला जबाबदार असलेला एक निर्ढावलेला मनुष्य आणि त्याच्यासमोर पदर खोचून उभी राहिलेली एक मध्यमवर्गीय विवाहिता, एवढ्या मोजक्या रेषांत प्रत्येक कथानक आटोपत असे. गॅसचे सिलिंडर वेळेवर न मिळणे, टॅक्सीवाल्याने भाडे नाकारणे, दफ्तरातील कारकुनाने अर्जावर बसून राहणे हे विषय वरवर क्षुल्लक होत. परंतु ज्या काळी गॅसजोडणी किंवा दूरध्वनी यांसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत तिष्ठावे लागे, त्या काळी नेमक्या याच बाबतींत सामान्य नागरिकाची रोजची मानहानी होत होती, आणि तिची दाद सरकारी मालकीच्याच प्रसारमाध्यमावर मागितली जात आहे, हे दृश्य प्रेक्षकांना अपूर्व वाटले. टॅक्सीचालकांवरील भाग प्रक्षेपित झाल्यानंतर मुंबईतील टॅक्सीचालकांनी दूरदर्शनवर मोर्चा नेला. ही भूमिका मुळात पद्मिनी कोल्हापुरे करणार होत्या, असे सांगितले जाते. रजनीच्या पतीची भूमिका करण राजदान यांनी केली.

प्रिया तेंडुलकर यांच्या अभिनयाचे मर्म त्यांच्या बोलण्यात होते. रजनी क्वचितच ओरडते. ती प्रश्न विचारते, उत्तर टाळले गेले की तोच प्रश्न पुन्हा विचारते, आणि समोरचा माणूस वैतागेपर्यंत तिच्या स्वरातील सभ्यता ढळत नाही. मोठे डोळे, ठसठशीत कुंकू आणि नीटनेटकी साडी या बाह्य गोष्टींनी ही व्यक्तिरेखा सासू-सासऱ्यांनाही मान्य होईल अशी केली होती, हेही तिच्या यशाचे एक कारण म्हणावे लागेल.

मालिकेनंतर डिसेंबर १९८६ मध्ये संसदेने ग्राहक संरक्षण अधिनियम संमत केला. या दोन गोष्टींत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो मोह आवरलेला बरा, कारण ग्राहक चळवळीचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. मुंबईतील गृहिणींच्या पुढाकाराने स्थापन झालेली कन्झ्युमर गायडन्स सोसायटी १९६६ ची, आणि ग्राहक पंचायतीचे काम सत्तरीच्या दशकातले. त्याच दशकाच्या आरंभी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृतींच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या. रजनीच्या मागे हा सारा इतिहास उभा असूनही मालिकेत त्याची सावलीसुद्धा पडत नाही. रजनी कोणत्याही संघटनेची सभासद नाही, मोर्चाचा विचार तिच्या मनात सहसा येत नाही, आणि एका अधिकाऱ्याला खजील केले की प्रकरण निकालात निघते. संघटित स्त्रीशक्तीचे काम दूरचित्रवाणीने एकट्यादुकट्या बाणेदार बाईकडे सोपविले, हे प्रस्तुत नोंदकाराच्या मते या मालिकेचे सर्वांत मोठे वैगुण्य होय, आणि तिच्या लोकप्रियतेचे रहस्यही तेच.

अन्य दूरचित्रवाणी : स्वयंसिद्धा ही मालिका विजय तेंडुलकर यांनी लिहिली व तीत प्रिया तेंडुलकर प्रमुख भूमिकेत होत्या. नव्वदीच्या दशकात प्रिया तेंडुलकर शो आणि जिम्मेदार कौन या चर्चात्मक कार्यक्रमांचे त्यांनी सूत्रसंचालन केले. रजनीची कल्पित उलटतपासणी येथे खऱ्या माणसांसमोर चालू राहिली. मात्र येथे संवादलेखक पाठीशी नव्हता, आणि पाहुण्याला बोलू द्यावे की अडवावे हा निवाडा जागच्या जागी करावा लागे.

हम पांच (१९९५ पासून) या विनोदी मालिकेतील त्यांची भूमिका गमतीदार असूनही दुर्लक्षण्याजोगी नाही. पाच मुलींचा बाप आनंद माथुर (अशोक सराफ) याची दिवंगत पहिली पत्नी भिंतीवरील तसबिरीतून त्याच्याशी बोलते, त्याला टोमणे मारते, दुसऱ्या पत्नीवर शेरे झाडते. हातपायांची हालचाल नाही, चौकटीबाहेर येण्याची मुभा नाही. केवळ चेहरा आणि आवाज. हयवदन मधील बाहुलीप्रमाणेच घरातील एक निर्जीव वस्तू होऊन घराची उलटतपासणी घेण्याचे हे काम दोन तपांनंतर त्यांच्या वाट्याला पुन्हा आले, आणि चौकटीतील त्या मर्यादित जागेत त्यांनी विनोदाच्या वेळेचे भान अचूक राखले.

व्यक्तिगत : १९८८ मध्ये करण राजदान यांच्याशी विवाह, १९९५ मध्ये विभक्त. स्तनाच्या कर्करोगाशी काही काळ झुंज दिल्यानंतर मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.

लेखन : ज्याचा त्याचा प्रश्न, जन्मलेल्या प्रत्येकाला, जावे तिच्या वंशा, पंचतारांकित आणि असंही ही त्यांची मराठी पुस्तके. यांपैकी पंचतारांकित हे हॉटेलातील नोकरीच्या वर्षांची आठवण शीर्षकातच वागविते. पित्याच्या कीर्तीमुळे त्यांच्या लेखनाचे स्वतंत्र मूल्यमापन झाले नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या पडद्यावरील कीर्तीने त्यात भरच घातली. कथालेखिका म्हणून त्यांचा विचार रजनीचा उल्लेख न करता कोणी केलेला क्वचितच आढळतो, आणि प्रस्तुत नोंदही त्याला अपवाद नाही.