जुन्या घरातील खेळणी : शोध, पारख आणि वाटणी

शहापूर, वडगाव, अनगोळ आणि गावातल्या जुन्या गल्ल्यांतील कौलारू घरे आता एकामागून एक उतरवली जात आहेत. घर बिल्डरकडे देण्याआधीच्या आठ-पंधरा दिवसांत ते रिकामे करावे लागते. त्या घाईत सोने, भांडी आणि सागवानी कपाटे यांचा हिशेब चोख होतो, खेळण्यांचा होत नाही. पितळी भातुकली मोडीत वजनावर जाते, लाकडी फळे बंबात आणि खोकी रद्दीत. आमच्यापैकी काही निवृत्त सभासद परिचितांच्या घरी अशा वेळी यादी करायला जातात. त्या अनुभवावरून ही माहिती एकत्र केली आहे. घर रिकामे करणाऱ्यांना आणि जुनी खेळणी जमवणाऱ्यांना, दोघांनाही ती उपयोगी पडावी.

परदेशात माणूस गेल्यावर त्याचे घर दोन-तीन दिवस लोकांसाठी उघडे ठेवतात आणि प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतात. त्याला ते 'इस्टेट सेल' म्हणतात. आपल्याकडे जुन्या माणसांना हर्रास हा शब्द माहीत आहे. कॅम्पात साहेब लोकांची बदली झाली की सामानाची हर्रासी होई, आणि त्यातून विलायती खेळणी गावातल्या घरांत येत. कोलकात्यात रसेल स्ट्रीटवरील 'रसेल एक्सचेंज' ही लिलावाची पेढी १९४० पासूनची आहे. बाकी ठिकाणी माल बाजारात पोचतो तो भंगारवाल्याच्या हातून : पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा मटण स्ट्रीटवरील चोरबाजार, हैदराबादचा जुम्मेरात बाजार. पण तिथे पोचेपर्यंत डबा एकीकडे आणि झाकण दुसरीकडे झालेले असते. म्हणून शोध घरातच घ्यावा. बातमी वर्तमानपत्रात येत नाही. ती सुतार, गवंडी आणि शेजारी यांच्याकडून कळते.

कुठे पाहावे

माळा सर्वांना आठवतो. फडताळाचा वरचा कप्पा, पेटाऱ्याच्या तळाचा कागद, देवघरामागचा कोनाडा आणि शिवणयंत्राचा खण मात्र राहून जातात. किल्लीच्या मोटारीची किल्ली हमखास शिवणयंत्राच्या खणात सापडते. सोंगट्या आणि कवड्या बटणांच्या डब्यात असतात. रिकामे खोके, चिठ्ठी, माहितीचा कागद, काहीही फेकू नये. जमवणारे लोक खोक्यासाठी वेगळे पैसे मोजतात, आणि वस्तूचे वय बहुतेक वेळा खोक्यावरूनच ठरते.

वय कसे ओळखावे

आमचा जन्म आकडे तपासण्यात गेल्यामुळे असेल, पण आम्हाला सर्वांत भरवशाचा पुरावा वाटतो तो छापील किंमत आणि पत्ता यांचा. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी आली. खोक्यावर किंमत आण्यांत असेल तर माल बहुधा त्याआधीचा. 'नये पैसे' लिहिलेले असेल तर १९५७ ते १९६४ या काळातला, कारण १ जून १९६४ पासून 'नये' हा शब्द गळला. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर खोके १५ ऑगस्ट १९७२ नंतर छापलेले, हे नक्की.

आपल्या भागासाठी आणखी खुणा आहेत. शहापूर सांगली संस्थानात होते, त्यामुळे दुकानदाराच्या शिक्क्यावर संस्थानाचे नाव दिसले तर तो १९४८ च्या विलीनीकरणाआधीचा असतो. बेळगावापुढे मुंबई राज्य असेल तर १ नोव्हेंबर १९५६ च्या आधीचा, आणि म्हैसूर राज्य असेल तर १९५६ ते १९७३ मधला. आपल्या इतिहासातल्या दुखऱ्या तारखा अशा खोक्यांवरही उमटलेल्या आहेत. दुकानदार मात्र जुने शिक्के संपेपर्यंत वापरत, एवढी सूट धरावी.

पत्र्याच्या खेळण्याच्या बुडाशी देशाचे नाव असते. पहिल्या महायुद्धापूर्वी या धंद्यात जर्मनी, विशेषतः न्यूरेंबर्ग, आघाडीवर होते. नंतर जपान पुढे आले. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असेल तर ते खेळणे दुसऱ्या महायुद्धानंतर जपानवर परकी अंमल होता त्या काळातले. तो अंमल १९५२ च्या एप्रिलमध्ये संपला. लिव्हरपूलच्या मेकॅनोच्या पट्ट्या १९२६ पूर्वी निकेलचा मुलामा दिलेल्या असत, त्यानंतर लाल-हिरव्या आल्या. डिंकीच्या लहान मोटारी पुष्कळ घरांत मिळतात. तिच्यासारखीच दिसणारी पण तळाशी 'निकी टॉइज' असे नाव असलेली मोटार सापडली तर ती नक्कल म्हणून बाजूला टाकू नये. डिंकीचे जुने साचे भारतात आणून कलकत्त्यात त्या बनवल्या जात, आणि परदेशी संग्राहक त्या आवर्जून शोधतात. महायुद्धापूर्वीच्या काही डिंकी मोटारींना बारीक भेगा पडून धातू फुगलेला असतो. जस्तातील अशुद्धतेमुळे असे होते, आणि ते कोणत्याही उपायाने भरून येत नाही.

हलकी, पातळ, चमकदार बाहुली मिळाली तर ती बोटाने चोळून वास घ्यावा. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची, कारण त्या पदार्थात कापूर असतोच. तापलेली सुई लावून पाहण्याची रीत काही दुकानदार सांगतात. ती करू नये. सेल्युलॉइड भपकन पेटते.

लाकडी खेळणी आणि गंजिफा

आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, आणि गोकाक तर आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळे येथील घरांत रंगीत लाकडी फळे, भाज्या, जाते, उखळ, पोळपाट-लाटणे सापडते. सावंतवाडीच्या चितारआळीत पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरण्याची जुनी पद्धत आहे. चन्नपट्टणची खेळणी फिरत्या चरकावर लाखेच्या कांड्यांनी रंगवतात, म्हणून त्यांच्या रंगात गोल गोल रेषा आणि खोल चकाकी दिसते. वस्तू उलटी करून पाहावी : वापराने बूड झिजलेले असते, आणि नव्याने 'जुनी केलेली' वस्तू बुडाशी कोरी असते.

या सगळ्यांत मौल्यवान वस्तू म्हणजे गंजिफा. दशावतारी गंजिफेत १२० गोल पत्ते : दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. मोगल पद्धतीच्या गंजिफेत आठ रंग आणि ९६ पत्ते. मत्स्यावताराच्या पत्त्यांवर मासे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवे, त्यावरून रंग लगेच लावता येतो. जुने पत्ते कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर रंग आणि लाख देऊन केलेले असत. ओल्या फडक्याने पुसले की संपले. सावंतवाडीची ही कला बुडत चालली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी चिताऱ्यांना हाताशी धरून ती पुन्हा उभी केली.

आमच्या परिचयाच्या एका घरी चार भावंडांची वाटणी चालली होती. गंजिफेची पेटी निघाली तेव्हा धाकट्याने सुचवले की प्रत्येकी तीस पत्ते घ्यावेत, आठवण सर्वांना राहील. हिशेब बिनचूक होता. थोरल्या ताईंनी मात्र सगळे पत्ते ओसरीवर रंगवार मांडायला लावले. ११९ भरले. रामाचा राजा नव्हता. तो दुसऱ्या दिवशी देवघरात सापडला, आजीने फ्रेम करून पूजेत ठेवलेला. मग पेटी ताईंकडे राहिली, बाकीच्यांनी सर्व पत्त्यांची छायाचित्रे घेतली आणि पेटी कोणी परस्पर विकायची नाही असा कागद चौघांच्या सह्यांनी झाला. तुकडे झाले असते तर ना डाव राहिला असता, ना किंमत.

व्यवहार

घरातील वस्तूंवर सर्व वारसांचा हक्क असतो. किल्ली ज्याच्याकडे तो मालक नव्हे. यादीच्या प्रती वारसांइतक्या काढाव्यात. प्रत्येक वस्तूपुढे माप, मोडतोड, छायाचित्राचा क्रमांक आणि ती कोणाची होती हे लिहावे. शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, पण बाकीचे रकाने नंतरही भरता येतात; हा आत्याबाई किंवा काकू आहेत तोवरच भरता येतो. घेणाऱ्याने रोख दिले तरी पावती घ्यावी आणि द्यावी.

घेणाऱ्यांनाही आमचे एक सांगणे आहे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंना खेळण्याची किंमत ठाऊक नसते आणि आपल्याला असते, तेव्हा वस्तू काय आहे ते आधी सांगावे, मग भाव बोलावा. सौदा थोडा महाग पडतो, पण त्या घरातून पुढच्या वेळी बोलावणे येते.

कायद्याचे भान ठेवावे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू 'पुरावशेष' ठरू शकते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून पणजोबांची गंजिफा अमेरिकेतल्या नातवाला पार्सलने धाडण्याचा विचार सोडावा. वस्तू त्याहून नवी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला मिळवता येतो. फासे किंवा सोंगट्या हस्तिदंती असतील तर त्यांची खरेदी-विक्री करूच नये. वन्यजीव कायद्याने ती बंद आहे.

कोणाला ठेवायला जागाच नसेल तर संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) दिवे, अडकित्ते, खेळणी अशा घरगुती वस्तू जुन्या घरांतून गोळा करूनच राजा केळकर संग्रहालय उभे केले. पत्रासोबत यादी जोडली तर उत्तर लवकर येते.

जपणूक

पितळी भातुकली चिंच लावून लखलखीत करू नये. जुना रंग गेला की जमवणाऱ्याच्या दृष्टीने वस्तू नवी होते. पत्र्याच्या खेळण्याला तेल किंवा नवा रंग देऊ नये, मऊ कोरड्या फडक्याने धूळ झटकावी. गंजलेली किल्ली जोराने फिरवली तर आतली कमान तुटते. सेल्युलॉइडच्या बाहुल्या बंद डब्यात किंवा उन्हात ठेवू नयेत, आणि इतर खेळण्यांपासून दूर ठेवाव्यात. जुन्या रंगांत शिसे असू शकते, तेव्हा लहान मुलांना ही खेळणी दाखवावीत, तोंडात घालायला देऊ नयेत. आणि बेळगावच्या पावसाळ्यात लाकडी खेळणी भिंतीलगतच्या कपाटात न ठेवता आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच ठेवावीत. दर महिन्याला उघडून वाळवीची माती दिसते का ते पाहावे.