मतपेटी आणि बँक : फ्रान्समधील १९३६ चा प्रयोग

निवडणुकींत बहुमत मिळवून समाजसत्तावाद आणतां येईल काय, हा वाद फ्रान्समध्यें पेटला तो १८९९ सालीं. मिलेरां हे समाजवादी पुढारी त्या वर्षीं मंत्री झाले; आणि त्याच मंत्रिमंडळांत युद्धमंत्री होता जनरल गालिफे. पॅरिस कम्यूनच्या लोकांची १८७१ सालीं कत्तल करणारा तो हाच. झोरेस यांनीं या सहकार्याचें समर्थन केलें, गेद यांनीं निषेध केला. वाद मिटला नाहीं. मात्र खरी कसोटी लागावयास सदतीस वर्षें जावीं लागलीं.

२६ एप्रिल व ३ मे १९३६ रोजीं दोन फेऱ्यांत मतदान होऊन समाजवादी, कम्युनिस्ट व रॅडिकल यांच्या लोक-आघाडीला प्रतिनिधिगृहांत बहुमत मिळालें. समाजवादी पक्ष प्रथमच सर्वांत मोठा ठरला. कम्युनिस्टांचे ७२ सभासद निवडून आले. रॅडिकल या नांवानें श्रोत्यांनीं फसूं नये. लहान व्यापारी, शेतकरी, वकील यांचा तो सावध पक्ष, आणि त्याच्यावांचून बहुमत होत नव्हतें. लिऑं ब्लूम यांनीं पूर्वींच एक भेद करून ठेवला होता : सत्ता जिंकणें निराळें आणि भांडवलशाहीच्या चौकटींत सत्ता चालविणें निराळें. मतदारांनीं आपणांस दुसरें काम सांगितलें आहे, पहिलें नव्हे, असें ते म्हणत.

ब्लूम अधिकारारूढ होण्याची वाट कामगारांनीं पाहिली नाहीं. मे महिन्यांत विमानांच्या कारखान्यांतून संप सुरू झाले. जूनमध्यें सुमारें वीस लाख माणसें संपावर होतीं. कामगार घरीं जात ना. यंत्रांपाशींच ठाण मांडून बसत, तेथेंच निजत, ॲकॉर्डियनच्या सुरांवर नाचत, आणि पाव फाटकावरून आंत येई. ब्लूम ४ जूनला अधिकारावर आले. ७ जूनच्या रात्रीं मातिन्यों प्रासादांत मालक व कामगारसंघ यांचा करार झाला. मजुरी ७ ते १५ टक्क्यांनीं वाढली, संघांना मान्यता मिळाली. पाठोपाठ कायद्यानें कामाचा आठवडा ४० तासांचा झाला व दोन आठवड्यांची पगारी रजा आली. त्या उन्हाळ्यांत स्वस्त तिकिटावर कित्येक कुटुंबांनीं समुद्र प्रथमच पाहिला. याला नुसती मलमपट्टी म्हणणाऱ्यांनीं कारखान्यांत दिवस काढलेले नसावेत. (मंत्रिमंडळांत तीन स्त्रियाही होत्या, मताधिकार मात्र फ्रेंच स्त्रियांना १९४४ पर्यंत नव्हता!)

बिघडलें तें दुसरीकडे. बँक ऑफ फ्रान्सच्या सभेंत मत देण्याचा हक्क फक्त सर्वांत मोठ्या २०० भागधारकांना असे; तो ब्लूम यांनीं सर्वांना दिला. पण पैसा देशाबाहेर पळत होता आणि त्यावर नियंत्रण घालण्याचें त्यांनीं टाळलें. रॅडिकल बिथरले असते. शिवाय इंग्लंड-अमेरिकेचा रोष नको होता. सप्टेंबरअखेर फ्रँकची किंमत उतरवावी लागली, महागाईनें मजुरीची वाढ खाऊन टाकली. फेब्रुवारी १९३७ मध्यें सुधारणांना विराम जाहीर झाला. मार्चमध्यें क्लिशी येथें याच सरकारच्या पोलिसांनीं निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. जूनमध्यें विशेष आर्थिक अधिकार मागतांच सेनेटनें नकार दिला व ब्लूम यांनीं राजीनामा दिला. सेनेट प्रत्यक्ष मतदारांनीं निवडलेलें नव्हतें. खेड्यांच्या प्रतिनिधींचें तेथें वर्चस्व असे.

जून १९३६ मध्यें सर्व कांहीं शक्य होतें, असें डावे टीकाकार म्हणतात. मला तें सिद्ध झालेलें वाटत नाहीं. मागण्या मान्य झाल्यावर संप मिटवितां आला पाहिजे, असें कम्युनिस्ट पुढारी तोरेझ यांनींच ११ जूनला सांगितलें होतें. तथापि मालकवर्ग भयभीत होता ते दोन-तीन आठवडेच पैशाच्या वाटा अडविण्याचे होते. ब्लूम यांनीं ते विश्वास संपादण्यांत घालविले; ज्यांचा विश्वास हवा होता ते आपलें सोनें परदेशीं पाठवीत राहिले.

नोव्हेंबर १९३८ मध्यें दालादिए सरकारनें ४० तासांचा कायदा खिळखिळा केला. त्याविरुद्धचा सार्वत्रिक संप फसला. पुढें १० जुलै १९४० रोजीं हेंच १९३६ चें प्रतिनिधिगृह, कम्युनिस्टांना वगळून, सेनेटसह व्हिशी येथें बसलें आणि ५६९ विरुद्ध ८० मतांनीं त्यानें पेतां यांच्या हातीं सर्व सत्ता दिली. त्या ८० जणांत ब्लूम होते. १९४२ सालीं रिऑं येथें त्यांच्यावर खटला चालला, तेव्हां राष्ट्र दुबळें केल्याच्या आरोपांत ४० तासांचा आठवडा आणि पगारी रजा हींही होतीं.