निजामाचं विमान आणि आपला सारा

दहावी 'ब'च्या मंडळींना आठवत असेल, मराठवाडा मुक्तिसंग्राम शिकवताना इतिहासाचे सर एक प्रश्न हमखास विचारायचे. "तुमच्या पणज्यानं भरलेला सारा कुठं जायचा?" आपण एका सुरात ओरडायचो, "निजामाच्या खजिन्यात!" "आणि तिथून?" यावर सगळा वर्ग गप्प. मला त्याचं एक उत्तर पुढे वीस-बावीस वर्षांनी, तेही लंडनमध्ये मिळालं.

कंपनीच्या कामासाठी तिकडे होते. मुलाला विमानांचं वेड, म्हणून एका रविवारी हेन्डनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये गेलो. तिथे लाकडी सांगाड्यावर कापड ताणून केलेलं एक जुनं दोन पंखी बाँबर विमान आहे. डीएच-९ए, क्रमांक एफ १०१०. दोन माणसं बसतील एवढीच जागा, चारशे अश्वशक्तीचं अमेरिकन लिबर्टी इंजिन. मी पुढे निघालेच होते, तेवढ्यात त्याच्या अंगावरची इंग्रजी अक्षरं दिसली. हैदराबादच्या निजामाकडून भेट! आपल्या गावाकडचं कुणी परक्या मुलखात अचानक समोर यावं, तसं झालं.

पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना जी मदत केली, त्यातून ११० नंबरच्या स्क्वाड्रनला ही विमानं मिळाली. म्हणून त्या स्क्वाड्रनच्या नावालाच 'हैदराबाद' जोडलं गेलं. सप्टेंबर १९१८ मध्ये ती फ्रान्सला पोचली. तिथून जर्मनीतल्या शहरांवर दिवसाउजेडी बाँब टाकायला जायचं, हे तिचं काम. ५ ऑक्टोबरला एफ १०१० गेलं ते परतलंच नाही. शत्रूच्या मुलखात ते खाली आलं. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली दोघंही जिवंत राहिले, पण जर्मनांच्या हाती लागले. त्यांना सोडवायला कुणाला जावं लागलं नाही. ११ नोव्हेंबरला युद्धच थांबलं.

विमानाची सुटका मात्र लांबली. जर्मनांनी ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बाँब पडू लागले तेव्हा तो संग्रह हलवला आणि हे पोलंडमध्ये राहिलं. १९७७ साली इंग्रजांनी क्राकोच्या संग्रहालयाला एक स्पिटफायर देऊन हे परत आणलं. (म्हणजे विमानाच्या बदल्यात विमान. आपल्याकडे बैलबाजारात असा सौदा होतो!) त्याच हैदराबाद स्क्वाड्रननं पुढे ४ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, विल्हेल्म्सहाफेनवरच्या हल्ल्यात भाग घेतला.

पण माझं मन अडकलं ते १९१८ वर. त्या वर्षी दख्खनमध्ये पावसानं दगा दिला आणि त्यावर इन्फ्लुएंझा आला. आपल्या घरांतली म्हातारी माणसं त्याला 'मानमोडी' म्हणायची. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची. आमच्या वाड्यात आठवड्यात तीन जण गेले, एकाला न्यायला तर खांदेकरीही मिळेनात. हे ऐन दिवाळीच्या आगेमागे, म्हणजे ते दोघं वैमानिक कैदेत होते तेव्हाच. निजामाची खासगी जहागीर असो की दिवाणी मुलूख, पैसा शेवटी साऱ्यातूनच यायचा, आणि बीड जिल्हाही त्याच राज्यात होता.

त्या विमानाचा नंबर, इंजिन, दोघांची नावं, पडल्याची तारीख, सगळं नोंदलेलं आहे. आमच्या त्या तिघांचं नाव कुठल्या कागदावर नाही. आजी गेली, त्यात दोन बायका होत्या एवढंच मला ठाऊक आहे. दिवसभर संगणकावर नोंदी जपणाऱ्या बाईला हे फार टोचलं.

हॉटेलवर आल्यावर सरांना फोन लावला. निवृत्त होऊनही आवाज तोच, खडा. म्हटलं, "सर, साऱ्याचं पुढे काय व्हायचं ते सापडलं. एक विमान आहे इथं." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, विमानाचा नंबर दोनदा विचारून लिहून घेतला, आणि म्हणाले,

"बरं. मग पावती मागितलीस का?"