न बोलणाऱ्या रुग्णाची भाषा

रोगी बोलू शकत असेल, तर वैद्याचे निम्मे काम रोगीच करतो. परंतु ज्याची शुद्ध हरपली, वाचा गेली किंवा ज्याच्या घशात श्वासासाठी नळी घातली आहे, त्याची व्यथा ओळखावी कशी? हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे.

'योगरत्नाकर' ग्रंथात नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टी व आकृती अशा आठ परीक्षा सांगितल्या आहेत. त्यांपैकी बहुतेकींना रोग्याच्या उत्तराची गरजच नाही. १९७४ साली ग्लासगोच्या टीझडेल व जेनेट यांनी डोळे उघडणे, बोलणे व हालचाल यांना गुण देऊन शुद्धीचे माप ठरविले. पुढे चेहरा, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा यांवरून वेदना मोजण्याची मापेही निघाली.

परंतु या विद्येचा एक मोठा अध्याय आपल्या मुंबईत घडला. के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका सफाई कामगाराने अत्याचार केला. गळा आवळला गेल्याने मेंदूस इजा झाली आणि त्यांची वाचा कायमची गेली. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. मलमूत्राची वेळ झाली की त्या आवाज करीत आणि परिचारिका तो ओळखीत. अन्नाची आवडनिवड चेहऱ्यावरून कळे. खोलीत गर्दी झाली की त्या अस्वस्थ होत. इतकी वर्षे अंथरुणाला खिळूनही त्यांना शय्याव्रण झाला नाही, अशी नोंद सर्वोच्च न्यायालयापुढे आली.

त्यांना जगविणारे अन्न थांबवावे, असा अर्ज न्यायालयापुढे होता. तपासणाऱ्या तीन डॉक्टरांना कायमच्या निश्चेतन अवस्थेचीच बहुतेक लक्षणे आढळली. तरीही ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अर्ज फेटाळला व त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार रुग्णालयाच्या सेवकवर्गाचा मानला. जीवनमरणाच्या प्रश्नात नित्य सेवा करणाऱ्याच्या शब्दाला असे वजन मिळाले.

श्रोतेहो, जिंतूर-गंगाखेडच्या घराघरांतही अर्धांगवायूने वाचा गेलेले वडीलधारे असतात. कपाळावरची आठी कालची की आजची, घास आज का नाकारला, कण्हण्याचा सूर केव्हा बदलला, हे त्यांना रोज भरविणाऱ्या सुनेला किंवा लेकीलाच ठाऊक असते. रोगी परभणीच्या दवाखान्यात आणल्यावर डॉक्टरांनी तिला खोलीबाहेर बसवू नये. पहिला प्रश्न तिलाच विचारावा.