तंबूंतील भुतें व प्रेक्षकांचा कौल

चित्रपटांचा इतिहास लिहिणारांची एक सोयीची रीत आहे. पट कोणीं काढला, त्यांत कोणीं कामें केलीं, तो किती आठवडे चालला व जाणत्या टीकाकारांनीं त्यास काय म्हटलें, एवढें नमूद केलें कीं त्यांचें काम आटोपतें. जे लोक पदरचे पैसे मोडून तो पट पाहून आले, त्यांना काय वाटलें हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. गाजलेल्या पटांच्या बाबतींत ही उणीव फारशी जाणवत नाहीं. कारण त्यांच्याविषयीं इतर साधनें पुष्कळ असतात. परंतु तुटपुंज्या भांडवलावर निघालेले, भुताखेतांचे, वृत्तपत्रांनीं दोन ओळींत निकालांत काढलेले जे पट आहेत, त्यांचा प्रेक्षक गेला म्हणजे त्यांचा अर्धा इतिहासच गेला. अशाच पटांची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे, आणि तिचा आरंभ आम्ही जतपासून करतों.

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेला दुष्काळी तालुका. डफळे घराण्याचें हें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें, पुढें दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेलें, व १९६० सालीं त्या जिल्ह्याचेंच नांव सांगली झालें. मराठी व कानडी या दोन्ही भाषा येथील बाजारांत कानीं पडतात. मार्गशीर्षांत येथें यल्लम्मादेवीची यात्रा भरते व तिच्याबरोबर जनावरांचा मोठा बाजारही भरतो. ज्या काळीं लहान गांवांतून कायमचीं चित्रगृहें नव्हतीं, त्या काळीं महाराष्ट्रांतील अशा यात्रा म्हणजे फिरत्या तंबू-सिनेमांचा हंगामच असे.

१९८६ च्या सुमारास, शाळेच्या शेवटच्या वर्गांत असतांना, यात्रेंतील अशाच एका तंबूंत आम्हीं रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ हा १९८४ सालचा पट पाहिला. बसावयास जमीन, पांघरावयास घोंगडें, मागें प्रक्षेपण यंत्राची घरघर, आणि रीळ बदलतांना पडणारा अंधार, असा सारा थाट होता. सामरी नांवाच्या एका दुष्टाचें मस्तक राजा धडावेगळें करवितो. मरतांना तो शाप देतो कीं, या राजाच्या वंशांतील प्रत्येक स्त्री बाळंतपणांत मरेल. धड एकीकडे व मस्तक दुसरीकडे ठेवितात, आणि पुढें तीं पुन्हां एकत्र येतात, असें त्याचें कथानक आहे.

खेळ सुटल्यावर बैलगाडींतून घरीं परततांना जो वाद झाला तो आमच्या अजून स्मरणांत आहे. गाडी हांकणारा गडी म्हणाला, ‘‘भूत खोटं. मानंजवळ कातडं चिकटवलेलं दिसत हुतं.’’ दुसऱ्या एका गृहस्थानें धड व मस्तक वेगळें ठेवण्याची युक्ति रास्त ठरवून, पहारा मात्र ढिला ठेवला, असा राजावर ठपका ठेविला. शेवटीं, इतका वेळ गप्प बसलेली शेजारची एक म्हातारी बोलली, ‘‘बाळातपणात मरायला शाप कशाला लागतुया, बाबा?’’ त्यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. गाडींतील दोन घरांना तो अनुभव होता, हें आम्हांला मागाहून कळलें.

पुढें आम्ही कॉलेजांत शिकलों, व शिकवूंही लागलों. या पटांविषयीं सुशिक्षितांचें जें मत होतें तेंच आमचेंही झालें. तें मत अगदीं निराधार होतें असें नव्हे. या पटांतून स्त्रियांचें जें दर्शन घडविलें जाई तें पुष्कळदां हिणकस असे. विनोद ओढून आणलेला असे. एका पटांतील वाडा दुसऱ्यांत ओळखूं येई. हे आक्षेप आजही आम्हांस मान्य आहेत. परंतु त्या म्हातारीनें जें एका वाक्यांत पाहिलें तें यांपैकीं एकाही आक्षेपांत बसत नाहीं. तिनें पटाची भीति तर मानलीच, पण ती भीति कोठून आली हेंही ओळखलें.

अशा लोकमताला इतिहासांत कांहीं स्थान आहे काय? आहे, कारण रामसे बंधूंच्या पटांचा जन्मच मुळीं प्रेक्षकांच्या मतांतून झालेला आहे. फाळणीपूर्वीं कराचींत रेडिओचें दुकान चालविणारें हें कुटुंब पुढें मुंबईस आलें व चित्रपटांच्या धंद्यांत पडलें. १९७० सालीं निघालेला त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा पट सपशेल पडला. परंतु त्यांत एक प्रसंग होता: भेसूर मुखवटा घातलेला चोर, म्हणजे पृथ्वीराज कपूर, संग्रहालयांत चोरी करतो. पट न आवडणारे लोकही तेवढ्या प्रसंगाला दचकतात व रंगतात, हें चित्रगृहांत बसलेल्या भावांनीं टिपलें. मग सबंध पटच भीतीचा कां काढूं नये, असा विचार त्यांनीं वडिलांपुढें मांडला. ज्या मतावरून हा धंद्याचा निर्णय झाला तें कोणत्याही वृत्तपत्रांत छापलेलें नव्हतें. तें अंधारांत ओरडून दिलेलें मत होतें.

त्या विचाराचें फळ जें निघालें तें आमच्या या मुलुखाच्या शेजारींच, सातारा जिल्ह्यांतील महाबळेश्वरीं. १९७२ सालच्या ‘दो गज जमीन के नीचे’ या पटासाठीं सारें कुटुंब तेथें जाऊन एका सरकारी विश्रामगृहांत उतरलें. सात भावांनीं कामें वांटून घेतलीं: लेखन कुमारचें, दिग्दर्शन तुलसी व श्याम यांचें, छायालेखन गंगूचें, ध्वनि किरणचा. घरांतील स्त्रियाही स्वयंपाकपाण्यापासून लागेल त्या कामाला हात लावीत. सुमारें चाळीस दिवसांत व साडेतीन लाख रुपयांच्या आसपास खर्चांत पट पुरा झाला, आणि तो चालला.

येथें एक जुना प्रश्न उभा राहतो. मानेजवळचें चिकटवलेलें कातडें दिसल्यावरही गाडीवान भ्याला कसा? करामत कळली म्हणजे मौज संपते, अशी आपली समजूत आहे. आपल्या चित्रपटांच्या आद्य निर्मात्याची मात्र तशी समजूत नव्हती. दादासाहेब फाळके यांनीं १९१७ सालीं ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नांवाचा एक पटच काढला. त्याचे जे तुकडे उरले आहेत त्यांत ते स्वतः नटांना शिकवितांना व फीत हाताळतांना दिसतात. त्याच वर्षीं त्यांचा ‘लंकादहन’ लागला. माणसें हें चित्र तयार करतात, हें ज्या काळांत उघडपणें दाखविलें जात होतें, त्याच काळांत पडद्यावर राम दिसतांच प्रेक्षक हात जोडीत. तंबूंतल्या प्रेक्षकालाही यंत्र डोळ्यांसमोर दिसे, तुटलेली फीत जोडणारा माणूस दिसे. त्याची भीति यंत्रावर अवलंबून नव्हती.

याचा अगदीं अलीकडचा दाखला जपानांत मिळतो. शिनइचिरो उएदा यांनीं सुमारें तीस लाख येन खर्चून, एका अभिनयवर्गांतील अपरिचित नटांना घेऊन, ‘कॅमेरा थांबवूं नका’ अशा अर्थाच्या नांवाचा एक पट काढला. त्यांत सदतीस मिनिटें कॅमेरा एकदांही न थांबवितां, भुतांचा पट काढणाऱ्या मंडळीवर खरींच जिवंत प्रेतें चालून येतात. हा भाग इतका बेंगरूळ वाटतो कीं पुष्कळांना उठून जावेंसें वाटतें. पुढें तोच प्रसंग पडद्यामागून दाखविला आहे, आणि प्रत्येक चुकीमागें कोणाची धडपड होती हें उलगडतें. २०१७ च्या नोव्हेंबरांत हा पट टोकियोच्या एका लहान चित्रगृहांत सहा दिवस दाखविला गेला. २०१८ च्या जूनमध्यें दोन चित्रगृहांतून तो रीतसर लागला. आणि पाहणारांनीं एकमेकांस सांगून सांगून त्याचें उत्पन्न तीनशें कोटी येनांच्या वर नेलें. ‘पहिलीं सदतीस मिनिटें सोसा’ हा प्रेक्षकांनीं प्रेक्षकांस दिलेला सल्लाच त्याची खरी जाहिरात ठरला.

आमच्याकडेही असे पट काढणारांवर एक पट निघाला. अशिम अहलुवालिया यांचा ‘मिस लव्हली’ हा पट मुंबईंत स्वस्त भयपट काढणाऱ्या दोन भावांचा आहे. २०१२ सालीं तो कानच्या महोत्सवांत दाखविला गेला, व पुढें राष्ट्रीय पारितोषिकांत त्यास परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. जे पट आम्ही सुशिक्षितांनीं दारांतही उभे केले नाहींत, त्यांच्या निर्मात्यांवरील पट पाहावयास मात्र आम्ही कौतुकानें बसलों. यांत गैर कांहीं नाहीं. फक्त त्या पटांना ज्यांनीं जगविलें तो तिसरा पक्ष, म्हणजे प्रेक्षक, याही वेळीं बाहेरच राहिला.

आतां तो पक्षही पांगत चालला आहे. व्हिडिओ आला; १९९३ पासून रामसे बंधूंचीं भुतें दूरचित्रवाणीवरून घरांत शिरलीं; पुढें फितीचें यंत्रच मागें पडलें. महाराष्ट्रांतील तंबू-सिनेमांची ही अखेरची धडपड ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ सालच्या अनुबोधपटांत पाहावयास सांपडते. परंतु तंबूंत बसलेल्यांचीं मतें कोणत्याही फितीवर उतरलेलीं नाहींत. तीं साठी-सत्तरींतल्या माणसांच्या आठवणींतच काय तीं उरलीं आहेत.

ती म्हातारी त्या रात्रीं आणखीही कांहीं बोलली होती. तें आम्हीं टिपून ठेविलें नाहीं, कारण तें टिपण्याजोगें आहे असें आम्हांस कोणीं शिकविलें नव्हतें. आमच्या वाचकांच्या घरीं अशीं वडील माणसें असतील, तर त्यांना एकदां विचारावें: तंबूंत कोणता पट पाहिला, कशाला भ्यालां, कशाला हंसलां, आणि परततांना वाटेंत काय बोलणें झालें? उत्तर येईल तें त्यांच्याच शब्दांत, गांव व साल घालून, एका वहींत उतरून ठेवावें. आम्हीं आमच्या वहींत त्या गाडीवानाचें व त्या म्हातारीचें एकेक वाक्य लिहून ठेविलें आहे.